हात न मिळवण्याची किंमत : ओल्गा खारलान, मिलान २०२३

२७ जुलै २०२३ रोजी मिलानच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत महिलांच्या सेबर प्रकारात ६४ जणींच्या फेरीतली एक लढत १५-७ अशी संपली. युक्रेनची ओल्गा खारलान जिंकली, रशियाची आना स्मिर्नोवा हरली. एरवी असा एकतर्फी निकाल दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नाही. या लढतीनंतर मात्र जिंकलेली खेळाडू स्पर्धेबाहेर काढली गेली. चोवीस तासांच्या आत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनी तिला स्वतः पत्र लिहिले आणि पुढे खेळाचा नियमच बदलावा लागला. क्रीडा प्रशासनात काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या कोणीही हे प्रकरण नीट उलगडून पाहावे असे आहे.

नेमके काय झाले

शेवटचा गुण झाल्यावर स्मिर्नोवा हात पुढे करून आली. खारलानने हात दिला नाही. तिने आपले सेबर लांबवले आणि पाते समोर धरले. पात्याला पाते टेकवून निरोप घेऊ, एवढाच त्याचा अर्थ. स्मिर्नोवाने पाते टेकवले नाही, तिला हातच मिळवून हवा होता. खारलान वळली आणि निघून गेली.

स्मिर्नोवा तिथेच उभी राहिली. मग तिला खुर्ची मिळाली आणि पाऊण तासाच्या आसपास ती पिस्तवरच बसून राहिली. पिस्त म्हणजे तलवारबाजीची लढत जिथे होते तो १४ मीटर लांबीचा पट्टा. बाजूच्या पट्ट्यांवर लढती चालू होत्या, प्रेक्षक पाहत होते, कॅमेरे तिच्याकडे वळले होते. रशियाकडून तक्रार गेली आणि खारलानला काळे कार्ड दाखवण्यात आले.

काळे कार्ड ही या खेळातली सर्वांत मोठी शिक्षा. लाल कार्डाने प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, काळ्याने तुम्हीच स्पर्धेतून जाता. खारलानची पुढची वैयक्तिक लढत गेलीच, शिवाय दोन दिवसांनी सुरू होणाऱ्या सांघिक स्पर्धेचे दारही बंद झाले. पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रतेचे ते वर्ष होते. जागतिक क्रमवारीत विश्वचषक मालिकेतल्या साध्या स्पर्धेच्या गुणांना एकाने गुणले जाते, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या गुणांना अडीचने. एवढ्या वजनाची स्पर्धा पहिल्याच दिवशी हातची गेली तर वर्षभर धावाधाव करूनही तूट भरून निघेल याची खात्री नसते.

ही खेळाडू कोण

खारलानचा जन्म १९९० चा, मिकोलायिव शहरातला. काळ्या समुद्राजवळचे हे जहाजबांधणीचे गाव. लहानपणी ती नृत्य शिकत होती, पण त्या शिकवणीचा खर्च घराला झेपेना. तिचे धर्मपिता अनातोली श्लिकार तलवारबाजीचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्याकडे शिकायला पैसे लागत नव्हते. दहा वर्षांची मुलगी तिकडे वळली ती अशी.

सेबर हा तलवारबाजीच्या तीन प्रकारांतला सर्वांत वेगवान. फॉइल आणि एपेमध्ये टोक टोचावे लागते, सेबरमध्ये पात्याच्या धारेनेही गुण मिळतो आणि कमरेच्या वरचे शरीर, डोक्यासकट, लक्ष्य असते. दोघी एकमेकींपासून चार मीटरवर उभ्या राहतात, पंच सुरू करा म्हणतो आणि पुष्कळदा सेकंदाभरात, वार लागल्याचे दाखवणारे दोघींचेही दिवे लागलेले असतात. अशा वेळी आक्रमण कोणाचे होते हे ठरवून पंच गुण देतो. म्हणजे इथे हाताइतकेच डोके चालावे लागते. समोरची काय करणार हे तिने पाय उचलण्याआधी ओळखावे लागते. खारलानची खासियत हीच. नाचातून आलेले पायांचे काम तिला उपयोगी पडले असावे, असा माझा आपला अंदाज.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती १७ वर्षांची होती. सांघिक अंतिम सामन्यात युक्रेनने यजमान चीनला ४५-४४ असे हरवले आणि शेवटची लढत या मुलीच्या वाट्याला आली होती. यजमानांच्या प्रेक्षकांपुढे, एका गुणाने. त्यानंतर २०१२ ला लंडनमध्ये आणि २०१६ ला रिओमध्ये वैयक्तिक कांस्य, रिओतच सांघिक रौप्य. जागतिक स्पर्धेत वैयक्तिक विजेतेपद चार वेळा: २०१३, २०१४, २०१७ आणि २०१९. यातल्या शेवटच्या, बुडापेस्टच्या अंतिम लढतीत तिने रशियाच्या सोफिया वेलिकायाला १५-१४ ने हरवले. २०२० मध्ये मॅटेल कंपनीने तिच्या चेहऱ्यामोहऱ्याची बार्बी बाहुली बनवली, इतकी ती तिच्या देशात घराघरांत ओळखीची होती.

मग २०२१ चे टोकियो आले आणि पहिल्याच लढतीत ती चीनच्या यांग हेंग्यूकडून हरली. तिशीतली सेबरपटू पहिल्या फेरीत हरली की लोक निवृत्तीबद्दल विचारू लागतात. त्यानंतर सात महिन्यांच्या आत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि निवृत्तीचा प्रश्न क्षुल्लक वाटावा अशी वेळ आली. मिकोलायिव रशियन सैन्याच्या वाटेवर होते. मार्च २०२२ मध्ये तिथल्या प्रादेशिक प्रशासनाच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडले, एप्रिलपासून शहराचे पिण्याचे पाणी तुटले. खारलानचे घरचे लोक तिथे होते.

इथे सेबर आणि रशिया यांचे नातेही लक्षात घ्यायला हवे. टोकियोत महिलांच्या सेबरचे सुवर्ण आणि रौप्य दोन्ही रशियाच्या खेळाडूंनी नेले होते. सुवर्ण जिंकणारी सोफिया पोझ्दन्याकोवा ही स्तानिस्लाव पोझ्दन्याकोव यांची मुलगी. ते स्वतः सेबरचे ऑलिम्पिक विजेते आणि २०२३ मध्ये रशियन ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष. रशियाच्या क्रीडासत्तेला आपले म्हणून मिरवता येईल असे खेळ काही थोडे नाहीत, पण सेबर त्यात फार वरचा.

नियम आणि त्याला धरून झालेले निर्णय

आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाच्या नियमपुस्तकात लढतीआधी आणि नंतर सलामी सक्तीची आहे: प्रतिस्पर्ध्याला, पंचाला, प्रेक्षकांना. निकाल लागल्यावर शस्त्र नसलेल्या हाताने हस्तांदोलन करावे, असेही त्यात होते. केले नाही तर काळे कार्ड. द्वंद्वातून आलेल्या खेळात ही सक्ती का असावी हे समजण्यासारखे आहे. आत्ता जिच्यावर पाते चालवले तिच्याशी वैर संपले, हे सगळ्यांसमोर दिसावे म्हणून. पण हा नियम लिहिताना एका खेळाडूचा देश दुसरीच्या घरावर क्षेपणास्त्रे टाकत असेल, ही शक्यता कोणाच्या डोळ्यांसमोर नसणार.

ती वेळ येणार हे मात्र २०२३ च्या मार्चपासून उघड होते. त्या महिन्यात महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना परत घेण्याचा ठराव मतदानाने मंजूर केला. महासंघाचे अध्यक्ष अलिशेर उस्मानोव हे रशियन उद्योगपती. युरोपीय संघाने त्यांच्यावर निर्बंध घातल्यावर २०२२ मध्ये त्यांनी कामकाज थांबवले होते आणि ग्रीसचे इमॅन्युएल कात्सियादाकिस हंगामी अध्यक्ष म्हणून काम पाहत होते. ठरावावर युरोपातून ओरड झाली. जर्मनीने ताउबरबिशोफ्सहाइमची महिला फॉइल विश्वचषक स्पर्धाच रद्द केली. ऑलिम्पिक समितीने सांगितले की रशियाचे संघ नकोत, सैन्याशी करार असलेले खेळाडू नकोत, बाकीचे तटस्थ म्हणून, म्हणजे देशाचे नाव-झेंडा न लावता, चालतील. स्मिर्नोवा या तटस्थ गटातून आली होती.

युक्रेन सरकारची भूमिका एप्रिलपासून कडक होती. ज्या स्पर्धेत रशियन खेळाडू असतील तिथे आपल्या राष्ट्रीय संघाने उतरायचे नाही. याची झळ मिलानमध्येच बसली. टोकियोचा कांस्यपदकविजेता एपेपटू इहोर रेझलिन रशियाच्या वादिम आनोखिनविरुद्ध लढला नाही आणि बाहेर पडला. नंतर, खारलानच्या लढतीच्या अगदी तोंडावर, क्रीडा मंत्रालयाने हुकूम सैल केला: समोरचा खेळाडू तटस्थ म्हणून आला असेल तर लढता येईल. अशी लढणारी पहिली युक्रेनियन तलवारबाज खारलान ठरली.

म्हणजे ती पिस्तवर चढली तेव्हा तिला सरकारची परवानगी होती, सामना खेळायचा होता, जिंकायचा होता, आणि हात मात्र मिळवायचा नव्हता. यातला शेवटचा भाग तिने ऐनवेळी ठरवलेला नव्हता. तिने नंतर पत्रकारांना सांगितले की आदल्या दिवशी महासंघाच्या हंगामी अध्यक्षांशी तिचे बोलणे झाले होते, हात न मिळवता पाते टेकवले तरी चालेल असे त्यांनी तिला सांगितले होते, आणि त्या शब्दावर विसंबून ती उतरली होती.

माझ्या मते या प्रकरणाची कळ इथे आहे. स्मिर्नोवाच्या खुर्चीचे फोटो जगभर गेले, चर्चा खिलाडूवृत्तीवर झाली, पण घोळ आदल्या संध्याकाळीच झाला होता. सोडत लागली होती. कोणाची गाठ कोणाशी पडणार हे कागदावर होते. खारलान हात देणार नाही हे ती स्वतः सांगत होती. विम्बल्डनमध्ये त्याच महिन्यात युक्रेनची स्वितोलिना आणि बेलारूसची अझारेंका यांच्या सामन्यानंतर हात न मिळवण्यावरून काय झाले तेही सगळ्यांनी पाहिले होते. तिथे कोणाला शिक्षा झाली नाही, कारण टेनिसमध्ये हस्तांदोलन हा रिवाज आहे, नियम नाही. तलवारबाजीत नियम होता आणि शिक्षा ठरलेली होती. अशा वेळी महासंघाने एक ओळीचे परिपत्रक काढायचे होते: या स्पर्धेपुरते पाते टेकवणे किंवा दुरून सलामी देणे हस्तांदोलनाच्या जागी चालेल. दोन्ही खेळाडूंना आणि पंचमंडळाला ते लेखी द्यायचे होते. झाले असते तर स्मिर्नोवाला बसून राहायला आधार उरला नसता आणि पंचालाही कार्ड काढावे लागले नसते. तोंडी आश्वासन देणाऱ्याला नंतर काहीही द्यावे लागत नाही, घेणाऱ्याचे सगळे जाते.

पंचांना यात दोष देणे सोपे आहे आणि चुकीचेही. त्यांच्यासमोर लेखी नियम होता, लेखी तक्रार आली, आणि अध्यक्ष खाजगीत काय म्हणाले याला नियमपुस्तकात जागा नव्हती. स्मिर्नोवाबद्दलही माझे मत अनेकांपेक्षा जरा वेगळे आहे. तिच्या बसण्याला नाटक म्हटले गेले, आणि नाटक त्यात होतेच. मिनिटभरात सगळ्यांना कळलेली गोष्ट सांगायला पाऊण तास बसावे लागत नाही. पण नियमावर बोट ठेवण्याचा हक्क तिला महासंघानेच दिला होता. हरलेल्या खेळाडूच्या हातात एक हत्यार राहू दिले आणि तिने ते वापरले, तर आधी प्रश्न हत्यार ठेवणाऱ्याला विचारायला हवा.

खारलानच्या निर्णयाचे मोजमाप करताना पाते पुढे करण्याची कृती विसरता कामा नये. तिने नुसतेच पाठ फिरवून निघून जाणे निवडले नाही. सलामी नाकारली नाही. खेळाच्या भाषेतला एक निरोप तिने दिला, फक्त त्वचेला त्वचा लागू दिली नाही. आपल्या लोकांचे बळी जात असताना शांततेचे चित्र म्हणून आपला फोटो वापरला जाऊ नये, एवढीच तिची अट होती. ती अट रास्त होती असे मला वाटते. तिने घेतलेला धोका मात्र पूर्ण समजून घेतलेला होता असे नाही. शब्द पाळला जाईल असे धरून ती चालली होती.

दुसरा दिवस

पुढचे सगळे फार वेगाने झाले. युक्रेनचे परराष्ट्रमंत्री कुलेबा यांनी महासंघाला उघड सुनावले. २८ जुलैला ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांचे खारलानला पत्र आले. बाख स्वतः तलवारबाज; १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या फॉइल संघातून सुवर्ण जिंकलेले. पत्रात त्यांनी एक तलवारबाज म्हणून तिच्याशी बोलल्याचा सूर होता आणि एक ठोस वचन होते: पात्रतेच्या उरलेल्या काळात तिला पॅरिसचे तिकीट मिळाले नाही, तर समिती तिच्यासाठी एक जादा जागा देईल. त्याच दिवशी महासंघाने तिच्यावरची बंदी उठवून तिला सांघिक स्पर्धेत उतरण्याची परवानगी दिली. युक्रेनियन आणि तटस्थ खेळाडू समोरासमोर येतील तिथे संवेदनशीलतेने वागा, असे ऑलिम्पिक समितीने सर्व महासंघांना बजावले.

आनंदाची गोष्ट, यात शंका नाही. तरी प्रशासनाच्या नजरेने पाहिले तर हे वरातीमागून घोडे होते. काळे कार्ड रद्द झाले नाही, वैयक्तिक स्पर्धा तिच्या हातून गेली ती गेलीच. अन्यायाची भरपाई नियमाने झाली नाही, एका अध्यक्षाच्या पत्राने झाली. हीच गोष्ट जागतिक क्रमवारीत ऐंशीव्या असलेल्या एखाद्या मुलीच्या बाबतीत घडली असती तर तिला पत्र आले असते का? चार वेळा जगज्जेती असल्यामुळे खारलानचे नाव अध्यक्षांपर्यंत पोचले. मेहरबानी आणि न्याय यांत हा फरक असतो, आणि तो बाखसाहेबांनाही कळत असावा, कारण पत्रात त्यांनी तिच्या परिस्थितीच्या वेगळेपणाचा आधार घेतला होता. खरा उपाय त्यानंतर आला: हस्तांदोलनाची सक्ती गेली, दुरून शस्त्राने सलामी दिली तरी पुरे असे ठरले. हेच जुलैच्या आधी ठरू शकत होते.

मिलानचे वैयक्तिक सुवर्ण जपानच्या मिसाकी एमुराने घेतले. आपल्याकडच्या वाचकांसाठी जाता जाता सांगतो, महिनाभर आधी वूशीच्या आशियाई स्पर्धेत याच एमुराला चेन्नईच्या भवानी देवीने हरवून सेबरमध्ये भारतासाठी पदक निश्चित केले होते. आपल्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली तेवढीच.

हस्तांदोलनाचा वाद मराठी वाचकाला आता नवा नाही. १४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आशिया चषकात मुंबईच्या सूर्यकुमार यादवने पाकिस्तानच्या कर्णधाराशी नाणेफेकीला हात मिळवला नाही आणि सामना जिंकल्यावर भारतीय खेळाडू हात न मिळवता परतले. त्या वेळी समाजमाध्यमांवर खारलानचे नाव फारसे निघाले नाही, निघायला हवे होते. दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजू नयेत असे माझे म्हणणे आहे. दुबईत अख्खा संघ, त्याच्यामागे जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ, आणि हात न मिळवल्याबद्दल शिक्षा सांगणारा नियम नाही. मिलानमध्ये एकटी बाई, तिशी ओलांडलेली, हातात कोणाचा तरी तोंडी शब्द, आणि समोर काळे कार्ड.

पॅरिस

बाख यांच्या जादा जागेची गरज पडली नाही. युक्रेनचा महिला सेबर संघ पात्र ठरला आणि संघातल्या तिघींना वैयक्तिक प्रवेशही मिळाला. पॅरिसला तलवारबाजीत रशियाची एकही खेळाडू नव्हती, तटस्थ म्हणूनही नाही, त्यामुळे हात मिळवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

२९ जुलै २०२४, ग्रां पॅलेची काचेच्या छताची ती जुनी भव्य इमारत. उपांत्य फेरीत खारलान फ्रान्सच्या सारा बाल्झरकडून हरली. कांस्यपदकाच्या लढतीत दक्षिण कोरियाची चोई से-बिन तिच्यापुढे ११-५ अशी गेली. सेबरमध्ये सहा गुणांची पिछाडी म्हणजे लढत संपल्यात जमा, कारण वेळ काढण्याची सोयच या प्रकारात नाही. प्रत्येक गुण जिंकावाच लागतो. तिने पुढच्या तेरा गुणांपैकी दहा घेतले आणि १५-१४ ने जिंकली. युक्रेनचे त्या ऑलिम्पिकमधले ते पहिले पदक. ते तिने देशाला वाहिले आणि रशियाने मारलेल्या, पॅरिसला येऊ न शकलेल्या खेळाडूंची आठवण काढली.

३ ऑगस्टला सांघिक अंतिम सामना, पुन्हा दक्षिण कोरियाविरुद्ध. तिच्यासोबत अलिना कोमाश्चुक, ओलेना क्रावात्स्का आणि युलिया बाकास्तोवा. सांघिक सामन्यात नऊ लढती होतात आणि धावफलक पुढे सरकत जातो. शेवटच्या लढतीआधी युक्रेन ३७-४० असा मागे होता. खारलान जिओन हा-यंगसमोर उभी राहिली आणि ती लढत तिने ८-२ अशी घेतली. एकूण ४५-४२. युक्रेनचे पॅरिसमधले पहिले सुवर्ण, खारलानचे सहावे ऑलिम्पिक पदक. बीजिंगच्या सुवर्णाला तेव्हा सोळा वर्षे होत आली होती.

महासंघाचे काय झाले, तेही नोंदवायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ताश्कंदच्या अधिवेशनात उस्मानोव पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांनी परत एकदा कामकाज स्थगित ठेवले.